बापूसाहेबांचे सहा नारळ

एका मुखें म्हणे होय । दुज्या मुखें म्हणे नोहे ।
जीभ झाली दोन गांवांची । वाट चुकली घराची ॥

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला तोंडं किती असावीत?

एक? अहो, एवढ्या हळू काय सांगता! खात्री नाही वाटतं! बरं, रावणाला किती होती? दहा! बरोबर. पण एक गोष्ट लक्षात घ्या — रावणाची तोंडं दहा, बोलणं मात्र एक! दहाही तोंडं म्हणायची, "सीता देणार नाही!" वाईट होता, पण पत्ता तरी लागत होता बिचाऱ्याचा! आणि आमचे बापूसाहेब? तोंड एक, बोलणी दहा! तेव्हा रावण बरा की बापूसाहेब बरे? ठरवा तुम्ही. आधी गोष्ट ऐका.

माडवणे नावाचं गाव. समुद्रकाठचं. गावात बापूसाहेब निवतकर. वीस वर्षं मुंबईत काढली आणि गावी परतले ते थेट खासदार व्हायला! सरपंच नाही, सभापती नाही — दिल्लीच! दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. आता ही तिसरी खेप. घरी वत्सलावहिनींनी सांगून टाकलेलं, "ह्या खेपेक पडलात तर गप घरात बसायचा. झेंडे फाडून मी पायपुसणी करतलंय!"

झालं! बापूसाहेबांना झोप येईना. एकेक मत मोजायला लागले. आणि मतं मोजता मोजता त्यांनी एक युक्ती काढली — कुणालाही नाही म्हणायचं नाही!

तशी सवय जुनीच हो! घराचं छप्पर सात वर्षं गळत होतं. बायको म्हणाली, "छप्पर करूया." "अगदी बरोबर!" आई म्हणाली, "कशाक? बापाशीन घातलेली कौलां हत ती." "अगदी बरोबर!" दोघीही खूश, आणि मधल्या खोलीत पातेलं! टप्, टप्, टप्!

आता हेच पातेलं त्यांनी देशाच्या धोरणाखाली मांडलं.

काजूच्या बागायतदारांकडे गेले. अनसूयाबाई गावकरीण पुढे आली. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं दाखवून म्हणाली, "बापूसायबा, परदेशातसून काजू येता आणि आमच्याक भाव गावना नाय. दिल्लीत तुमी कोणाच्या बाजूक?"

"आई, तुझ्या! परदेशी काजूवर दुप्पट कर! हा घे नारळ, सातेरीदेवीपुढे ठेव माझ्या नावाने!"

तिथून निघाले ते पेडणेकरशेठच्या काजू कारखान्यात. शेठ म्हणाले, "बापू, बाहेरचा काजू आला नाही तर आठ महिने मशीन बंद. शंभर बायका घरी बसतात." चुकीचं होतं का हो शेठचं? नव्हतं! "शेठ, कर साफ रद्द! हा घ्या नारळ!"

किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले मच्छीमार भेटले — मोठ्या ट्रॉलरना बंदी! नारळ! ट्रॉलरवाले भेटले — ट्रॉलरना अनुदान! नारळ! निवृत्त आजगावकर मास्तर भेटले. हातात वहीच. म्हणाले, "देशात सगळ्या निवडणुका एकदमच व्हाव्यात. पाच वर्षांत एकदा! तुमची भूमिका?" "मास्तर, माझ्या मनातलं बोललात!" नारळ! आणि मास्तरांच्या फाटकाबाहेर जनू मंडपवाला उभा. खुर्च्या, कनाती, लाऊडस्पीकर — सगळा धंदा निवडणुकीवर! म्हणाला, "सायबा, निवडणूक वर्साक दोनदा तरी होऊक व्हयी." बापूसाहेब म्हणाले, "दोनदा? जनू, मी तर म्हणतो तीनदा!"

नारळ!

हसताय! हसा, हसा! तुमच्याकडे नारळ आला नाही म्हणून हसताय!

आता घाटावरचे पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणात देवापुढे नारळ नुसता ठेवून भागत नाही. मानाचा गावकर तो नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालतो. कोणाचा नारळ, कशासाठी ठेवला, ते आणणाऱ्याकडून विचारून घेतो आणि सगळं मोठ्याने, चारचौघांत देवाला सांगतो. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव एका सुरात म्हणतं — काय म्हणतं? — "व्हय म्हाराजा!" ऐकू न येताही म्हणतं! झोपेतही म्हणतं!

बापूसाहेब वीस वर्षं मुंबईत, आणि परतल्यावरही गाऱ्हाण्याला कधी थांबले नाहीत. तिकडे देवळात नारळ दिला की पुजारी फोडतो, अर्धा परत देतो, विषय संपला! त्यांना वाटलं, नारळ काय, मुका असतो.

उजाडला पालखीचा दिवस. सकाळचे दहा. सातेरीचा सभामंडप खचाखच. एका खांबाला अनसूयाबाई, समोर पेडणेकरशेठ. रापणवाले, ट्रॉलरवाले, मास्तर, जनू — सगळे एका छपराखाली! आत्तापर्यंत बापूसाहेब प्रत्येकाला वेगळं भेटले होते. तरी हसत सगळ्यांना हात जोडले. देवळात कोण राजकारण काढतंय!

तेवढ्यात दाजी गावकर उठला. वय ऐंशी, आवाज अठराचा. देवीपुढे नारळांची रांग. त्याने पहिला उचलला, आणि सुरू!

"बा सातेरी माये, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरान, बापू निवतकरान, तुज्या पायाकडे नारळ ठेवलो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"परदेशी काजूवर दुप्पट कर लावतलंय म्हणान ह्येनी बागायतदारांका शब्द दिलो हा, तो पुरो करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्यात सर्वांत मोठा आवाज कोणाचा? पेडणेकरशेठचा! सवय हो, सवय!

दाजीने दुसरा उचलला. "आणि कारखानदारांका सांगितल्यान हा, तोच कर साफ रद्द करतलंय — ताय पुरा करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणाली अनसूयाबाई. म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाय माजे! काय म्हटलंय मी?"

बापूसाहेब दाजीकडे बघून खुणा करतायत — पुरे, पुरे! दाजीला वाटलं, 'पुढे, पुढे' म्हणतायत! ट्रॉलर बंद — व्हय म्हाराजा! ट्रॉलरना अनुदान — व्हय म्हाराजा! पाच वर्षांत एक निवडणूक — व्हय म्हाराजा! वर्षात तीन निवडणुका — "व्हय म्ह..."

इथे मात्र गाव अडखळलं. मास्तर उभे राहिले. "थांबा! पाच वर्षांत एक आणि पंधरा? हे गणित कुठल्या इयत्तेचं?"

सभामंडपात गलका! कोण काय बोलतोय, देवीलाही कळेना. आणि त्या गलक्यात दाजीने सातवा नारळ उचलला.

बापूसाहेब दचकले. सातवा? मी तर सहाच दिले!

"आणि माये, ह्यो नारळ वत्सलावयनीचो म्हाराजा. ती म्हणता, माज्या घोवाक मत गावांदे नाय गावांदे — त्येका एकच तोंड गावांदे रे म्हाराजा!"

काय सांगू मंडळी! असा "व्हय म्हाराजा!" उठला की देवळाच्या घंटा आपोआप हलल्या! म्हणजे... हलल्या असाव्यात. मी नव्हतो तिथे.

मग दाजी शांतपणे म्हणाला, "बापू, उलटसुलट नारळ देवीपुढे फुटनत नाय. सहातले तीन ठेव, तीन उचल. तुज्या हातान."

पडला प्रसंग! बापूसाहेब पुढे झाले. डोक्यात मतं — इकडे चारशे, तिकडे तीनशे. आधी काय केलं असेल त्यांनी? सहाच्या सहा उचलले! कवेत धरले! "सगळ्यांशी चर्चा करून..." म्हणायला लागले.

"ठेव खाली!" अख्खा गाव ओरडला.

ठेवले. आणि खांबाआड उभ्या वत्सलावहिनी दिसल्या. रडत होत्या हो बाई. नवऱ्याची फजिती बघून कोणाला बरं वाटतं? बापूसाहेबांना वाटलं, सात वर्षं हिच्या डोक्यावर पाणी गळतंय, आणि मी दोन्हीकडे "अगदी बरोबर" म्हणतोय. लाज वाटली त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा.

वाकले. कारखान्याचा नारळ उचलला, तो घेऊन पेडणेकरशेठपुढे गेले, आणि शहरी बोली गळून पडली. "शेठ, माज्या मनात असा — परदेशी काजूवर कर व्हयो. तुमचा मत जातला, माका ठाऊक हा. पण मी तुमच्याकडे खोटा बोललंय." मग ट्रॉलरवाल्यांचा परत केला. मग जनूचा. जनू म्हणाला, "आणि माज्या खुर्च्यो?" "लग्नात लाव रे बाबा!"

शेठने नारळ हातात फिरवला. शेठ म्हणाले, "मत देणार नाही तुला." "पण बापू, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुझ्याशी भांडता येईल. उद्या ये चहाला. शंभर बायकांचं काय करायचं, ते सांग मला तोंडावर!"

"येतंय," म्हणाले बापूसाहेब. आणि खरंच गेले. तीन तास भांडले!

काय? मागून कोण विचारतंय? निवडून आले का?

नाही! तिसऱ्यांदाही पडले! सपाटून! झेंड्यांची पायपुसणी झाली. पण पावसाळ्याआधी घरावर नवी कौलं चढली. आईला समोर बसवून सांगितलं, "आये, छप्पर करतंय." आई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी कोरड्या खोलीत मस्त घोरली!

आता हसू पुसा आणि माझ्याकडे बघा. बापूसाहेबांनी दोन तोंडं केली, ती कशाच्या जोरावर? सहा नारळांना सहा वेळा "व्हय म्हाराजा" कोण म्हणालं? गाव! आणि गाव म्हणजे तुम्हीच! न ऐकता! त्याला एक तोंड मागितलंत, आणि तुमचे दोन कान कुठे ठेवलेत? उद्या दारात कोणी नारळ घेऊन आला तर त्याला विचाराल ना, शेजारच्या घरी काय सांगून आलास?

"व्हय म्हाराजा!"

शाब्बास! बोलण्याआधी ऐकाल ना?

"व्हय म्हाराजा!"

आणि आजचं कीर्तन पहाटेपर्यंत चालवू, प्रसाद फक्त मी एकटा खातो!

"व्हय म्हा..."

बघा! बघा!! अहो, आधी तुमच्यासाठीच एक नारळ ठेवायला हवा! बोला, सातेरी माऊलीचा जयजयकार — आणि हे मात्र ऐकून बोला!