दादाचा आवाज कुठल्या खणात ठेवू?

नाही, तुम्हीच सांगा मला, लिफ्टच्या बंद दाराच्या फोटोला नाव काय द्यायचं? दार. बरं, दुसऱ्या फोटोला? तेही दारच. तिसऱ्यात दार उघडं, म्हणजे आतली भिंत दिसते, एवढाच काय तो फरक... आणि असे फोटो मोजायला बसलात तर तुमच्या नातवंडांची लग्नं लागतील. तुम्हाला सांगतो, आमची कंपनी लिफ्ट बसवते, बसवली की तिचे फोटो काढते, व्हिडिओ काढते, आणि ते काढायचं काम होतं माझ्या दादाचं. होतं म्हणतोय, कारण दादा गेला. चहा पिता पिता गेला. कप अर्धा तसाच.

आता दादाचं काम देखणं, पण ठेवणं म्हणाल तर आनंदच. थोडं कॉम्प्युटरवर, थोडं कपाटात, एक पेन ड्राइव्ह तर चष्म्याच्या डबीत. तो होता तोवर कोणाला काही हवं झालं की त्यालाच विचारायचे. गेल्यावर कोणाला विचारणार? मग कंपनीनं ते सगळं गोळा करून नेलं आणि आणली लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हो, मीही आधी घाबरलो, म्हटलं माझा आणि वाचनाचा काय संबंध. ही कॉम्प्युटरातली. सगळ्या शाखांचे फोटो, व्हिडिओ, आवाज... सगळं एका ठिकाणी. कंपनीच्या मॅडम घरी भेटायला आल्या, आईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच बैठकीत मला म्हणाल्या, तुम्ही भाऊ, तुम्हाला त्यांची पद्धत ठाऊक असेल, येता का लावून द्यायला? मी हो म्हणालो. मी आधी हो म्हणतो आणि विचार घरी जाऊन करतो. आई म्हणते, शाळासुद्धा मी अशीच सोडली.

आणि पद्धत काय, तर दादाला टाइप करायचा कंटाळा. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तोंडानंच सांगायचा, मजला अमुक, दार डावीकडून, ऊन आहे. म्हणजे नाव हवं असेल तर ऐकायला हवं. पहिला लावला... आणि दादा बोलला. स्वच्छ. मजला सांगितला, दार सांगितलं, आणि त्याच दमात फोनवर मला झापायला लागला, कारण कॅमेरा चालू करायचा तेव्हा याच्या दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर मी. गिझर बंद केलास का. आईची गोळी आणलीस का. अजून अंथरुणात का.

मी ऐकत बसलो. कामाला बसलेला माणूस रडतोय म्हटल्यावर मॅडम पाणी घेऊन आल्या, आणि गोड आवाजात म्हणाल्या, नाव टाइप झालं की पुढची ही बडबड कापून टाकायची हं, लायब्ररीत फक्त लिफ्ट.

म्हणजे कळलं का तुम्हाला माझं काम? ऐकायचं, नाव लिहायचं, आणि सख्ख्या भावाला कापायचं.

म्हटलं घरी नेतो ते तुकडे. तर तिथला कॉम्प्युटर माझा पेन ड्राइव्ह घेत नाही, माझा मोबाइल गेटवर जमा, आणि अर्ज केला तर उत्तर आलं की आवाज पगारावर असताना काढलेला आहे, सबब हक्क कंपनीचा. सबब म्हणे! मला झापलं, झापणारा माझा, आणि हक्क कंपनीचा. बाहेर जायचं नाही, म्हणजे आतच कुठेतरी लपवायचा. पण लपवणार कुठे, सगळं एका ठिकाणी! प्रत्येक तुकडा विचारतो, माझा खण कोणता? जाहिरात? प्रशिक्षण? समारंभ? खण नसला की शनिवारी आपोआप पुसला जातो. मी मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, कधीच पुसत नाहीत असा खण कोणता हो? त्या म्हणाल्या, सुरक्षा सूचना. त्याला हात लावायचा नाही, नियमच आहे.

झालं. दादा सुरक्षा सूचनांत. एकेक तुकडा कापला, एकेक त्या खणात. कोणी मंजूर केलं, असं खाली विचारतं. मी केलं.

आता यात माझं काय चुकलं? मला कुठं ठाऊक, की त्या खणातलं आपणहून लिफ्टच्या स्पीकरला जातं? लिफ्टीत माणसं जास्त झाली की आवाज येतो बघा, वजन जास्त आहे, कृपया उतरा... तो आवाज याच खणातला. सगळ्यात नवा असेल तो वाजणार. सगळं एका ठिकाणी ना, मग तिथून सगळ्या ठिकाणी.

सोमवारी ऐन गर्दीच्या वेळी, जिथे जिथे आमची लिफ्ट, तिथे तिथे दार अडलं आणि माझा दादा बोलला. "धाकट्या, जेवून घे रे, माझी वाट बघू नकोस."

फोन वाजायचे थांबेनात. एका बाईंचं म्हणणं, यांचं डाएट चालू आहे आणि लिफ्ट यांना जेवा म्हणते. एका ऑफिसात मीटिंगला निघालेले सगळे उलट फिरून जेवायला गेले. एक आजोबा तेवढे म्हणाले, राहू द्या, घरात इतकं कोणी विचारत नाही. पण आजोबांचं कोण ऐकतं? मॅडमनी मला समोर बसवलं. रागावल्या नाहीत हो, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ज्यानं मंजूर केलं त्यालाच काढता येतं. बटण तुम्हालाच दाबावं लागेल.

दाबलं. काय करणार? एका ठिकाणी ठेवलेलं एका बटणात जातं, दोनदा विचारतसुद्धा नाही.

फक्त एका इमारतीत राहिला. रंगाऱ्यांनी मधल्या वेळात तिथली इंटरनेटची वायर तोडली होती, त्यामुळे पुसायचा हुकूम त्या लिफ्टीपर्यंत पोचलाच नाही. मला कळलं तसा धावत गेलो. आत उभा राहिलो, एकटा. दार लागलं, लिफ्ट गुपचूप वर. अहो, वजन जास्त झाल्याशिवाय तो बोलणार कसा? दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. पण दोघांनी काय होतंय, आणि आई तर त्याच्यामागे निम्मी झालीय. मग दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायला लागलो, या, या ना, मावतं, पिशव्या पण घ्या आत. भरली. आईला कोपऱ्यात धरून ठेवलेलं, शेवटचा मी चढलो, आणि दार अडलं.

"धाकट्या, जेवून घे रे, माझी वाट बघू नकोस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी चढतो त्यानं उतरायचं, हे काही लिहून ठेवावं लागत नाही. आई म्हणाली, "थांबा हो जरा. बोलू द्या त्याला." कोणाला काही कळलं नाही. मागून एकजण म्हणाला, उशीर होतोय. मी उतरलो. दादा गप्प झाला, दार लागलं, आई परक्या माणसांबरोबर वर गेली.

वॉचमन आला. कितव्या मजल्यावर जायचंय, म्हणाला. म्हटलं, कुठलाही चालेल दादा, फक्त जाडजूड माणसं आली की हाक मारा.