चपलेचं इंजिन

व्यासपीठावर मधोमध बसलेले आमचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले, बांधकाम व्यवसायातलं मोठं नाव, आजचे सन्माननीय प्रमुख पाहुणे, मंडळाचे खजिनदार, समोर बसलेले वेगवान गाड्यांचे माझे वेडे सोबती, आणि त्या वेडापायी ज्यांच्या सुट्ट्या वाया गेल्या ते त्यांचे घरचे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

चिटणीसपदावरून मी आज मोकळी होतेय. डॉक्टरसाहेब माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मधेच मला वाटलं, आपण गेलो की काय. असो. पत्रिकेत माझ्या भाषणानंतर एक विशेष कार्यक्रम आहे. पाहुण्यांनी मोठ्या मनानं आपली 'चपला' बाहेरच्या आवारात आणून उभी केली आहे. मी तिच्यात बसायचं, बटण दाबायचं आणि तुम्ही सर्वांनी तिचा आवाज ऐकायचा.

मग चपला म्हणजे काय हे आधी सांगायला नको का? बाहेरच्या जगात या गाडीचं नाव कुणाला ठाऊक नाही. ती घडवली नानांनी. तिसऱ्या रांगेत कडेला बसलेत ते. त्यांचा छोटासा कारखाना होता. चपला म्हणजे वीज, म्हणून त्यांनी हौसेनं ते नाव ठेवलं आणि तिथेच घात झाला. गिऱ्हाईक घरी जाऊन सांगायचं, "चपला घ्यायचीय," आणि आतून उत्तर यायचं, "माझ्यासाठीही एक जोड आण." हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या झाल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं.

पण गाडी काय होती, हे मला विचारा. कमरेइतकी उंची. पत्रा हातानं ठोकून वळवलेला. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मधे फक्त एक पातळ भिंत. आत शिरायला इतकी अवघड, की मी फिजिओथेरपिस्ट असून मला माझाच व्यायाम आठवावा लागला. नानांनी मला एकदा चाचणीच्या रस्त्यावर फिरवून आणलं. वळणावर माझ्या कानातले डूल आडवे झाले. मी म्हटलं, "नाना, हळू." ते म्हणाले, "हळूच चाललोय गं." पाठीमागे आठ सिलिंडर गात होते आणि तो सूर पाठीच्या कण्यातून थेट डोक्यात जात होता. त्यानंतर मला दुसरी कुठलीही गाडी खरी वाटलेली नाही.

पुढे नानांचे गुडघे गेले. मीच उपचार करत होते, पण त्या गाडीत बसणं काही त्यांना जमेना. उभी राहून गंजण्यापेक्षा कुणीतरी चालवावी, म्हणून त्यांनी आपली शेवटची चपला आजच्या पाहुण्यांना दिली. एवढंच म्हणाले, "चालवत राहा." पाहुणे म्हणाले, "म्हणजे काय, नाना. हा काय सांगायचा विषय आहे?"

पाहुण्यांच्या आदरातिथ्याबद्दल दुमत नाही. मंडळाच्या कामासाठी मी त्यांच्या बंगल्यावर गेले तेव्हा त्यांनी स्वतः उठून मला गाडी दाखवली. गाडी वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात होती. भिंत फोडून, क्रेननं आत घेतलेली. बसायच्या जागी पांढरं केसाळ कापड, जसं काही मांजर सोलून पसरलंय. टपावर पेल्यांचे ओले गोल डाग. त्यांच्याकडे आलेला एकजण तर तिच्यावर रेलून दात कोरत होता. मी विचारलं, "स्लॅबला हे वजन पेललं कसं?" पाहुणे हसून म्हणाले, "इंजिन काढून टाकलं ना."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाई, इंजिनाचं काय घेऊन बसलात? फोटोत दिसतं का ते?"

ते पंपाच्या खोलीमागे होतं. उघड्यावर, चिखलात. त्याच्या आडोशाला कुत्री व्यायली होती. वरच्या भोकांतून पाणी आत गेलेलं, आणि एका सिलिंडरच्या तोंडात कुणीतरी रोज सिगारेटची थोटकं विझवली होती. पार काठोकाठ. मी रोज लोकांची दुखरी, सुजलेली अंगं हाताळते. किळस मला सहसा येत नाही. त्या दिवशी मात्र आली. पाहुण्यांना म्हटलं, "हे मी नेऊ का?" ते म्हणाले, "न्या की. जागाच अडवून बसलंय."

टेम्पोतून ते मी नानांच्या अंगणात उतरवलं. नानांनी पत्नीकडून, म्हणजे आमच्या वहिनींकडून जुने पंचे मागवून घेतले आणि चिमट्यानं एकेक थोटूक काढत बसले. वहिनी मला आत नेऊन म्हणाल्या, "त्यांना आत्ता चहा विचारू नकोस." पुढे कित्येक रविवार आम्ही दोघं त्याला तेल पाजत होतो, घासत होतो. शेवटी नानांनीच हात पुसले. म्हणाले, "पाण्यानं आतून खाल्लंय. हे आता बोलायचं नाही."

तर मंडळी, गाडी आज तशीच क्रेननं खाली उतरवून आणलीय. पण जिचं इंजिन नानांच्या अंगणात मरून पडलंय, तिचा आवाज आज आपण ऐकणार कसा? मलाही हाच प्रश्न पडला, म्हणून आवारात शिरताना मी मागचं झाकण उघडून पाहिलं. इंजिनाच्या जागी एक स्पीकर बसवलाय. आवाज दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, आयता भरलेला. आणि तो ऐकायला ती घडवणारा माणूस समोर बसवलाय. पाहुणे, माझा निरोप गोड व्हावा एवढाच आपला हेतू असेल. पण मला याची शिसारी येते. एवढं स्पष्ट बोलल्याबद्दल डॉक्टरसाहेब माझ्याकडे पाहताहेत, ते मला दिसतंय.

दारातच मी नानांना सगळं सांगितलं. म्हटलं, "तुम्ही घरी जा, मी रिक्षा बोलावते." ते म्हणाले, "मी तुझ्या निरोपाला आलोय, गाडीच्या नाही. तिचा मी केव्हाच घेतला."

म्हणून चिटणीस या नात्यानं शेवटचं काम करते. पत्रिकेतला तो विशेष कार्यक्रम रद्द झाला आहे. ज्यांना हवं त्यांनी बाहेर जाऊन पत्रा जरूर बघावा. नानांच्या हाताचा आहे, फार सुंदर आहे.

मंडळानं मला इतकी वर्षं सांभाळून घेतलं, डॉक्टरसाहेबांनी माझा फटकळपणा सोसला, माझ्या घरच्यांनी तर काय काय सोसलं. सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि पाहुण्यांसाठी एक वस्तू इथे टेबलावर ठेवते आहे. त्या स्पीकरची वायर आहे. मघाशी मीच काढून घेतली. तिच्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.