जेवणाच्या टेबलावरचं इंजिन

भाऊ : ताई, हे जेवणाच्या टेबलावर काय मांडून ठेवलंयस?

ताई : इंजिन.

भाऊ : ते दिसतंय मला. अगं, चार वाजता टेम्पो येणार आहे तुझी मोटरसायकल न्यायला. हॉटेलवाल्याला मी शब्द दिलाय. आणि तू इंजिनच काढून बसलीस?

ताई : चाकं पलंगाखाली आहेत. टाकी बाथरूममध्ये. चेन त्या बादलीत रॉकेलमध्ये भिजतेय. पाय जपून टाक, तिथे नटांच्या डब्या आहेत.

भाऊ : दोन महिन्यांपूर्वी मी शेवटचा आलो तेव्हा अख्खी उभी होती मागच्या शेडमध्ये!

ताई : बारा वर्षं उभीच होती. दमली असेल.

भाऊ : थट्टा नको. कुणी खोललं हे सगळं? मिस्त्री आला होता?

ताई : आला होता, बघून गेला. म्हणाला, ‘सिस्टर, हिच्यात काही राहिलं नाही, भंगारात द्या.’ मी म्हटलं, बरं, तुमचे पाने तेवढे ठेवून जा.

भाऊ : आणि त्यानं ठेवले?

ताई : त्याच्या दोन्ही मुली माझ्या हातावर जन्मल्यात. निमूट ठेवले.

भाऊ : आणि एवढं धूड आत कसं आणलंस? या पायानं?

ताई : ह्यांच्या आजारपणात ती चाकांची ट्रॉली आणली होती ना, तिच्यावरून. टेबलावर चढवायला शेजारणीला बोलावलं. ती अजून बोलत नाही माझ्याशी.

भाऊ : ताई, गाडी द्यायला तूच हो म्हणालीस. याच खोलीत. मी जबरदस्ती केली नव्हती.

ताई : हे जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते. तू म्हणालास, घराला रंग काढू या, हो म्हटलं. बघ हा पोपटी रंग. हा मला आवडेल असं वाटलं तुला?

भाऊ : नव्हता आवडला तर बोलायचंस.

ताई : त्राण नव्हतं. आता आलंय.

भाऊ : असं एकदम?

ताई : एकदम कुठलं! हॉटेलवाला माप घ्यायला आला होता. शेडमध्ये उभा राहून मला समजावतोय, ‘दहा फुटांवर भिंतीला टांगू. इंजिन काढून टाकू, भिंतीला जड नको. हेडलाइटच्या वाटीत मनीप्लांट छान दिसेल.’ मनीप्लांट! अरे, वीज गेली तेव्हा दाराशी गाडी चालू ठेवून त्या हेडलाइटच्या उजेडात मी नाळ कापलीय. मी त्याला म्हटलं, तुम्ही निघा. आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत पहिला नट सैल केला.

भाऊ : म्हणजे रागाच्या भरात.

ताई : राग एक दिवस पुरला. संध्याकाळपर्यंत सगळं सुटं. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर नुसता ढीग. कशातून काय निघालं तेही आठवेना. दार ओढून घेतलं आणि सतरा दिवस तिकडे फिरकले नाही. अंथरुणात पडून छताकडे बघायचे.

भाऊ : मग तिथेच सोडायचंस ना! मला फोन करायचास.

ताई : तू येऊन सगळं पोत्यात भरलं असतंस. अठराव्या दिवशी ठरवलं, रोज एक नट. घासायचा, तेल लावायचं, डबीत टाकायचा, डबीवर चिठ्ठी. मग दिवसभर लोळलं तरी कुणी विचारणार नाही. बाळंतिणीला तरी काय सांगायचे मी? आज फक्त खाटेपासून खिडकीपर्यंत.

भाऊ : आणि तेवढ्यानं झालं?

ताई : कधी एकच झाला, तोही रडत रडत. कधी अकरा झाले आणि जेवायचं राहून गेलं. आता गाडं अडलंय ते पिस्टनवर. जाम बसलाय. वर डिझेल ओतून ठेवलंय, आज नववा दिवस.

भाऊ : समजा, सुटला. समजा, गाडी चालूही झाली. चालवणार कोण? गुडघ्यात प्लेट आहे तुझ्या. डॉक्टरांनी...

ताई : डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं होतं. चढते मी. एकसष्टाव्या वर्षी शोभत नाही म्हणायचं असेल, तर तेही म्हणून घे. सव्विसाव्या वर्षीही लोक तेच म्हणायचे, बाई असून फटफटी उडवते. आणि घरात कळा सुरू झाल्या की तीच माणसं माझं दार बडवायची.

भाऊ : शोभण्याचं नाही बोलत मी!

ताई : मग कशाचं बोलतोस?

भाऊ : मला ती गाडी डोळ्यांसमोर नकोय. बस्स.

ताई : हं. आता खरं बोललास.

भाऊ : हे दोन महिने कामात अडकलो, नाहीतर दर रविवारी फाटकातून आत येतो. ताडपत्रीखालून चाक दिसतं. मग तू लंगडत दार उघडायला येतेस. आधी चाक, मग तुझा पाय. बारा वर्षं, ताई. मी चालवत होतो. तू मागे बसली होतीस.

ताई : आणि मागून मी काय ओरडत होते?

भाऊ : जाऊ दे.

ताई : सांग.

भाऊ : ‘हाण. अजून हाण.’

ताई : पाठीत बुक्के घालत होते तुझ्या. पहिलटकरीण होती, उशीर होत होता. वळणावरची वाळू तुला दिसली नाही, तशी मलाही दिसली नाही.

भाऊ : हे कधी बोलली नाहीस तू.

ताई : तू बोलू दिलंस? विषय निघाला रे निघाला की तू पाना घेऊन नळ बदलायला उठायचास. या घरात एक नळ धड जुना राहिलेला नाही, छोट्या.

भाऊ : त्या बाईचं काय झालं?

ताई : बारा वर्षांनी विचारतोयस. मुलगी झाली, आपल्यावाचून. पावणेतीन किलो. आता ऐक. पाय माझा मोडला. गाडीला फाशी द्यायची की नाही, ते मी ठरवणार. ना तू, ना तो मनीप्लांटवाला.

(बाहेर हॉर्न वाजतो.)

टेम्पोवाला : कुणी आहे का घरात? मोटरसायकल उचलायची होती. अरे बापरे... हीच का ती?

ताई : हीच. पण शब्द यानं दिलाय, यालाच विचारा.

टेम्पोवाला : काय साहेब, भरू का?

भाऊ : नाही. न्यायची नाही गाडी.

टेम्पोवाला : हॉटेलवाले शेठ माझ्यावर डाफरतील.

भाऊ : त्यांना मी फोन करतो. माझ्यावर डाफरू देत.

टेम्पोवाला : मग इंजिन तरी देता? ते म्हणाले होते, वाटेत भंगारवाल्याकडे टाकून ये.

भाऊ : इंजिनाला हात लावायचा नाही! सांगितलं ना एकदा?

टेम्पोवाला : बरं बरं. चिडताय कशाला? मी आपला हुकमाचा ताबेदार. जाम आहे वाटतं? आमच्या टेम्पोचंही असंच झालं होतं. लाकडी ठोकळा ठेवून वरून ठोका, पण घट्ट धरायला माणूस पाहिजे. येतो मी.

ताई : ऐकलंस? माणूस पाहिजे म्हणे.

भाऊ : कुठे धरू?

ताई : दोन्ही बाजूंनी. छाती टेक वाटल्यास. हं. तयार?

भाऊ : तयार. पण हळू!

ताई : हळू ठोकून सुटतं का काही? हे एक. हे दोन. धर, सोडू नकोस! तीन...

भाऊ : ताई! थांब!

ताई : बोट चेपलं का रे?

भाऊ : नाही गं. खाली गेला. पिस्टन खाली गेला! बघ ना, बोटभर गेलाय!

ताई : गेला की रे. गेला मेला!

भाऊ : होईल चालू?

ताई : कुणाला ठाऊक. कार्बोरेटर उघडलाच नाहीये अजून. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. झालीच चालू, तर किक मला या पायानं मारता येणार नाही. ती तुझ्याकडे.

भाऊ : बारा वर्षांत मी कुठल्या मोटरसायकलला हात लावलेला नाही, ताई.

ताई : मग आत्ता कुठे आहेत हात?

भाऊ : ...भाऊजींचा एखादा जुना शर्ट असेल तर दे. हा खराब होईल.