बनूच्या विहिरीवरचा सिनेमा

सन शेहेचाळीस. नगरच्या थेटराबाहेर बायकांच्या रांगेत अंबिकाबाई मोठ्या तोऱ्यात उभ्या होत्या. अस्पृश्यतेवरचा बोलपट त्यांच्या मुलाने, मार्तंडाने काढला होता ना! पुढे खेड्यातल्या दोघी जावा कुजबुजत होत्या. अंबिकाबाईंचे कान तिकडेच लागले.

“बनू, तोंड का लपवतीस गं?”

“आक्का, तू माहेरी असताना त्या डायरेक्टरनं आपल्याच मळ्यातल्या विहिरीवर शिनिमा घेतला. म्हनला, रोजच्यावानी पानी भरा.”

“मग?”

“मग म्हारवाड्यातल्या ठकूला बोलावलं. माज्याच पोहऱ्यानं तिनं पानी काढलं.”

“अगं बया! मामंजींना कळलं तर?”

“उद्या सगळा गाव बघाया येनार हाय. मी दिसले तर मला घरात ठेवायचे न्हाईत. म्हनून आदी बघून घेते.”

अंबिकाबाईंना राहवेना. “त्याने आधी सांगितले नव्हते?”

“न्हाई ओ, आजी. दुसऱ्याच्या घरात आग लावू नये, एवढं त्याच्या आईनं तरी शिकवायचं.”

अंबिकाबाईंनी उगाच पदर सारखा केला.

“बनू, रडू नगं. सांगायचं, सायबानं जबरीनं उभं केलं.”

“कसं सांगू, आक्का? ठकूची घागर मीच उचलून तिच्या डोक्यावर दिली. आन् वर तिच्याकडं बघून हसले.”