जानकीचं वय विचारायचं नाही

— जानकीचं वय विचारायचं नाही, हा आमच्या घरातला एकमेव नियम, आणि हलू नका हो, चेन अजूनच अडकेल! केसांत गुंतलीये ती. तुमच्या नव्हे, या अस्वलाच्या पोशाखाच्या. 'अहो' म्हणतेय, कारण आत विशीतलं कोणी आहे की साठीतलं, काही पत्ता लागत नाही, आणि चूक व्हायचीच तर आदराच्या बाजूनं झालेली बरी. हं, तर आमच्या घरात काहीही विचारा. देव आहे का, विचारा. लग्न का करायचं, विचारा. तासभर चर्चा होईल, मध्ये चहा होईल. पण जानकीचं वय — छे! जानकी म्हणजे आजीबिजी नव्हे, अस्वलीण! ती काय समोर, जाळीपलीकडे, भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारतेय ती. अहो, जिच्या सुटकेसाठी तुम्ही आज अस्वल झालायत, तीच! तुम्हाला नाव नाही सांगितलं तुमच्या मोर्चाच्या पुढारी सुशीलाबाईंनी? — मान हलवू नका म्हटलं ना!

थांबा, आधी हे कोकम सरबत प्या. स्ट्रॉ तोंडातून घालते — अस्वलाच्या तोंडातून, तुमचं कुठे आहे ते तुम्ही शोधा. लागलं? लागलं! बघा, रंगच बदलला. म्हणजे डोळ्यांचा, बाकी काय दिसतंय? पण खरं सांगू, हा पोशाख कोणी निवडला? पोटावर लाल हृदय आहे हो! वाढदिवसाच्या दुकानातून भाड्यानं आणला ना? तरीच. फाटकापाशी तुमच्या गळ्यात 'पस्तीस वर्षांची कैद, आता तरी सोडा' अशी पाटी, आणि पोरं रांग लावून तुमच्याबरोबर सेल्फी काढतायत. एका आजोबांनी तर नातवाला तुमच्या मांडीवर बसवलं. मी इतकी हसले, इतकी हसले, की काकांनी माईकवरून सांगितलं, 'स्वयंसेवकांनी गांभीर्य राखावं.'

काका म्हणजे श्रीनिवासकाका. माझे सख्खे. शनिवार पेठ. 'मोरओढा प्राणिबाग स्नेही मंडळा'चे अध्यक्ष — मी शाळेत जायच्या आधीपासून अध्यक्ष आणि बहुधा मी निवृत्त होईपर्यंत अध्यक्ष. दर रविवारी सकाळी सगळी ज्येष्ठ मंडळी थर्मास, टोप्या, दुर्बिणी घेऊन इथे हजर. दुर्बिणी! जनावर दहा पावलांवर, आणि दुर्बीण! पण हसू नका, मीही यातच वाढले. मला ही बाग आवडते, हे आधीच सांगून टाकते. मी पहिल्यांदा कोणाला घाबरले ते इथे, पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांत नीट बघितलं तेही इथेच. पुस्तकातल्या अस्वलाला वास येत नाही हो, वास आल्याशिवाय प्रेम कसं करणार? — हे मी सुशीलाबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, 'तुमचं प्रेम, त्याचा पिंजरा.' वाक्य चांगलं आहे. मला रात्रभर राग आला. मग आठवलं, यांची स्वतःची कुत्री सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत स्वेटर घालून उभी असते! विचारलं, ती कशात आहे? तर म्हणाल्या, 'ती आमच्या घरची आहे.' आणि काकांना मी कधीतरी विचारलं होतं, जानकीला जंगलात का नाही सोडत, तर तेही काय म्हणाले असतील? 'ती आपल्या घरची आहे.' वर्तमानपत्रात एकमेकांविरुद्ध पत्रं लिहून दोघांनी संपादकांना छळलंय, आणि आतून दोघं एकच!

नाही, जानकीकडेच येते. एवढी घाई काय? चेन अडकलीये, जाणार कुठे?

तर दर वर्षी आजच्या तारखेला जानकीचा वाढदिवस. कलिंगडाचा केक, वर गूळ — तो तिला. आणि हेमाकाकूचा साजूक तुपातला शिरा — तो मंडळाला. मग जाळीसमोर फोटो. ते सगळे फोटो आमच्या पुढच्या खोलीत भिंतभर लावलेत. मी त्यांच्याखाली बसून अभ्यास केला, त्यांच्याखाली बसून प्राणिशास्त्राची पदवी घेतली, पण वर बघितलं का कधी? नाही! घरातल्या भिंतीकडे कोण बघतं? परवा जळमटं काढायला स्टुलावर चढले, आणि तिच्या छातीशी माझं नाक. आता बघा, अस्वलाच्या छातीवर पांढरी खूण असते. प्रत्येकाची वेगळी, आणि ती जन्मभर बदलत नाही. जुन्या फोटोंत जानकीची खूण चंद्रकोरीसारखी. पुढच्या ओळीत — घोड्याचा नाल! आणि आत्ता समोर बघा, ती वळेल आता, वळली — काय दिसतं? बेचकी! पोरं चिमण्यांवर दगड मारतात तसली बेचकी. मी स्टुलावर उभी राहून एकटी हसायला लागले. अहो, ही तिसरी जानकी आहे! पहिली गेली, दुसरी आणली. दुसरी गेली, तिसरी आणली. नाव तेच, वाढदिवस तोच, शिरा तोच. ही फार तर दहा-अकरा वर्षांची आहे, आणि आज तिचा पस्तिसावा वाढदिवस!

आणि मी मूर्ख! मी आठवीत असताना बाग 'रंगकामासाठी' बंद होती. उघडली तेव्हा जानकी निम्मी झालेली. मी विचारलं, काका, ही एवढीशी कशी? तर काका म्हणाले, 'आजारपणानं उतरली गं.' उतरली! आणि मी मान डोलावली! अस्वल वाळत घातल्यासारखं आटतं का? पण काकांनी सांगितलं ना, मग संपलं. — तेव्हा काका रोज संध्याकाळी फिरायला म्हणून इथे यायचे. बाग बंद, तरी यायचे. फाटकापर्यंत. मला एकदा बरोबर आणलं होतं, कुलपाला हात लावून परत फिरले. मला वाटलं, रंग कसा लावलाय ते बघायला येत असतील… थांबा हं. हे मला आत्ता, तुम्हाला सांगताना कळतंय. म्हणजे त्यांना — हं.

जाऊ द्या. रडायचा विषय नाहीये. सरबत संपलं? आवाज आला सुर्र करून.

काकांना सांगितलं का? सांगितलं की! परवा रात्री जेवताना सांगितलं. काकांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, 'फोटोत उजेड वेगवेगळा असतो.' मी म्हटलं, उजेडानं चंद्रकोरीची बेचकी होते का? तर, 'संस्कृती, मोठ्यांनी काही गोष्टी ठरवलेल्या असतात.' आणि काकू काय म्हणाली माहितीये? लोणच्याची बरणी बंद करता करता म्हणाली, 'माझं तरी काय वेगळं? मी मथुरा म्हणून या घरात आले. तांदळाच्या ताटात अंगठीनं हेमा लिहिलं, तेव्हापासून मथुरा कुठे गेली, कोणी विचारलं का?' आणि हसली. काका पण हसले. मला हसू येईना. मला, जिला तुमच्या पोटावरचं हृदय बघूनही हसू येतं!

बरं, नुसता नावाचा खेळ असता तर मीही शिरा खाऊन गप्प बसले असते, देवाशपथ. पण मंडळातले तिघे बागेच्या समितीवर आहेत, आणि गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की जानकीचं वय झालं. मग काय, पडेल म्हणून चढायचा ओंडका काढला. दमेल म्हणून वारुळाची माती काढली. मधाचं मडकं उंच टांगायचे, ते खाली ठेवलं. मऊ खिचडी सुरू केली. अहो, ती ऐन उमेदीत आहे! तिला चढायचंय, उकरायचंय, फुंकर मारून वाळवी ओढायचीये, आणि हे तिला वृद्धाश्रमात बसवतायत. म्हणून या फेऱ्या. बघा तिथली जमीन, पायवाट पडलीये. आणि आपण दोघं आत्ता कशावर बसलोय? बाक वाटला तुम्हाला? नीट बघा — हे ओरखडे काय माणसाच्या नखांचे आहेत? हा तिचा ओंडका आहे. आमच्या मंडळानं त्याला पॉलिश करून ज्येष्ठ नागरिकांसाठी बसायला केला!

तुमच्याकडे? गेले होते ना! मला वाटलं, विरोधी पक्ष आहे, धावून येतील. सुशीलाबाईंनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, म्हणाल्या, 'मुली, आमच्या पाट्या छापून झाल्यात. दहा वर्षांची कैद म्हटलं की लोकांना काही वाटत नाही. आज होऊन जाऊ दे, मग बघू.' त्यांनी ज्या अस्वलासाठी पाट्या छापल्या ते केव्हाच मेलंय, आणि जे जिवंत आहे त्याला ओंडका हवाय, तर 'मग बघू'! बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकांचं आणि सुशीलाबाईंचं एका गोष्टीवर एकमत झालं. कशावर? तर संस्कृतीनं गप्प बसावं.

निघाली! अहो चेन निघाली! थांबा, डोकं वर उचलते — अय्या! तू? तू आमच्याच कॉलेजचा ना? कँटीनमध्ये नेहमी मिसळीत जास्तीचा रस्सा मागणारा! आणि मी तुला तासभर अहोजाहो करतेय! बोलू नकोस, आधी श्वास घे. कसा लालबुंद झालायस. नाव नंतर सांग.

ऐकलंस? माईकवर. 'आता आमच्या मंडळाची तरुण कार्यकर्ती, जिनं स्वतःच्या जन्मापासून जानकीला पाहिलं…' मीच ती. काकांनी भाषण लिहून दिलंय, पाठ आहे मला. 'पस्तीस वर्षांच्या या अखंड सोबतीला…' आता तिकडे जाऊन हे म्हणायचं, टाळ्या, फोटो, शिरा. नाही म्हटलं तर काका माझ्याशी बोलणार नाहीत. ते रागावत नाहीत रे, ते बोलायचे थांबतात, ते वाईट. या माणसाच्या खांद्यावर बसून मी ही बाग बघितलीये.

आले. इकडेच येतायत, माईक घेऊन. मागून काकू, पातेलं घेऊन. आणि फाटकातून सुशीलाबाई पण — तुझं डोकं शोधत असतील. तू बस. बस इथेच, ओंडक्यावर.

काय काका? हो, ऐकलं. लपले नव्हते, याची चेन काढत होते. द्या माईक. चालू आहे ना? हॅलो, हॅलो — चालू आहे. नमस्कार. मी संस्कृती. मी आज पस्तिसावा म्हणणार नाही. काका, हात नका पुढे करू, माईक देणार नाही. जन्मल्यापासून पाहिलं म्हणणार नाही, कारण हिला मी आठवीत असताना पहिल्यांदा पाहिलं. ही दहा-अकरा वर्षांची आहे, तिला धड स्वतःचं नावसुद्धा नाही, आणि तुम्ही तिला म्हातारी केलीत. सुशीलाबाई, टाळ्या नका वाजवू, तुमच्या पाटीवर पण पस्तीसच आहे. काका, तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही बंद फाटकाच्या कुलपाला हात लावून परत यायचात — मला आज कळलं ते कशासाठी. आधीच्या, गेलेल्या जानकीसाठी रडायचं होतं तर रडायचं होतं ना हो, मीही रडले असते तुमच्याबरोबर! पण तिचं वय हिच्या अंगावर का? मी नाही म्हणणार. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. हा ओंडका आत जाईपर्यंत मी इथून हलणार नाही.

बोला ना. काका? सुशीलाबाई, तुम्ही? रोज पत्रं लिहिता ना? तिच्या फेऱ्यांचा आवाज येतोय माईकवर.

काकू, पातेलं खाली का ठेवलंस? पदर कशाला खोचतेस — अगं, जड आहे तो ओंडका. बरं. तू तिकडून धर. ए रस्सा, ऊठ, तू मधे लाग, आणि ते हृदय सांभाळ. काका, बागवाल्यांना सांगा, तिला पिंजऱ्याच्या आतल्या खोलीत घ्या म्हणावं. नाही बोलायचं? नका बोलू. पण मग वाटेतून बाजूला व्हा, नाहीतर धरा एक टोक.