नामदेवराव शांत नव्हते

जमलेल्या सर्व मंडळींनो, आणि समोर बसलेल्या सुनंदाताई, रेणुका,

इथे उभं राहून बोलणं मला फार जड जातंय. मी नामदेवरावांच्या नात्यातली नाही, ओळखीतलीही म्हणता येणार नाही. त्यांची आणि सुनंदाताईंची मुलगी रेणुका ज्या शाळेत शिकते, तिथली मी मुख्याध्यापिका. दोन वर्षं त्यांचं आणि माझं भांडण चाललं.

आत्ता तिघं जण बोलले. तिघांनीही सांगितलं, नामदेवराव शांत स्वभावाचे होते. कुठले शांत हो? वलगावातलं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून हा माणूस दर सोमवारी अमरावतीला माझ्या केबिनमध्ये यायचा. ऑइलचे डाग पडलेला अर्ज टेबलावर ठेवायचा आणि हलायचा नाही. कंटाळले होते मी त्यांना. खरंच कंटाळले होते.

मागणी एकच. रेणुकाला सगळं समजतं, पण वाचता-लिहिताना अक्षरं उलटीसुलटी होतात. तिची अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हावी, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळावा, अशी शिफारस शाळेने करावी. आमच्या समितीने निर्णय दिला: विद्यार्थिनी उत्तीर्ण होते, सबब अपात्र. खाली सही माझी.

मी त्यांना म्हटलं, "अहो, पास होते ना ती? मग कशाला पोरीवर शिक्का मारून घेता?"

ते म्हणाले, "म्याडम, पोरगी पास होते कावून? तिची माय रोज चार घंटे तिले धडे वाचून दाखवते म्हणून. मंग सवलत मायले देता का?"

मी शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, यांना बाहेर बसवा. हो, मी असं केलं.

मग ते स्वतःच रेणुकाला तपासणीसाठी अकोल्याला घेऊन गेले. तीन खेपा मारून प्रमाणपत्र आणलं. आम्ही ते परत केलं. का? शाळेच्या नोंदीत वडिलांचं नाव 'नामदेवराव', प्रमाणपत्रावर नुसतं 'नामदेव'. एका 'राव'साठी त्या माणसाला आम्ही पुन्हा अकोल्याला पिटाळलं! आज सांगताना माझीच मला चीड येते.

दुरुस्ती करून आले, त्या दिवशी ते खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, "दोन साल झाले, तुमी कागदच तपासून राहिल्या. एक डाव पोरीले तं इचारा!"

मी विचारलं. इतिहासाचे दहा प्रश्न, तोंडी. नऊ बरोबर आले. मग तेच लिहायला दिले. अर्ध्या तासात दोन ओळी. तिसरी खोडताना कागद फाटला, आणि ही मुलगी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी मला कळलं. तरीही शिफारस पाठवायला मी दीड महिना लावला. कशासाठी? आपला निर्णय चुकला, असं लिहावं लागणार होतं म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

मंजुरी आली. रेणुकाने सहामाही लेखनिक घेऊन दिली. निकाल बघायला नामदेवराव होते, एवढं तरी झालं. मला वाटलं, आता आभार मानतील. कुठलं काय!

"म्याडम, हिचं झालं. आनखी तीन पोरं हायेत तुमच्या शाळेत. त्यायचे मायबाप तुमाले भेतात."

मी वैतागले. म्हटलं, "नामदेवराव, आता पुरे करा." तेच आमचं शेवटचं बोलणं. आठ दिवसांनी दुकानातच छातीत कळ आली आणि ते गेले.

सुनंदाताई, रेणुका, मी क्षमा मागते. त्याने काही भरून येणार नाही, तेही कळतं. पण त्या तीन मुलांचे आईवडील आज इथे आलेत, मला दिसताहेत. सभा संपल्यावर निघून जाऊ नका. तपासणीसाठीची शिफारसपत्रं मी सोबत आणली आहेत. तिन्हींवर सही केलेली आहे. नावं तुमच्यासमोर भरू, म्हणजे कानामात्रेचीही चूक राहणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नये.

नामदेवराव, तुम्हाला माझा नमस्कार.