बाईंनी हाकललेल्या पेशी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज प्रथमच एका जागी स्वस्थ बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती बाई, त्यांचे कुटुंबीय आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपल्या शरीरातल्या चरबीत नुसती चरबी नसते. तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशीही मुक्कामाला असतात. वजन बेसुमार वाढलं की त्या बिथरतात, दाह वाढवतात आणि रक्तातली साखर चढते. म्हणून बाई म्हणायच्या, "सगळ्यांना हाकला!" बाईंनी म्हटल्यावर आमची काय बिशाद?

सडपातळ, ठणठणीत उंदरांच्या चरबीतून आम्ही त्या पेशी काढल्या. साखर आणखी सुधारेल म्हणून वाट बघतोय, तर ती चढली! बाई माझ्यावरच उखडल्या, "पिंजऱ्यांची अदलाबदल केलीस का रे?" प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर मेलेल्या पेशींचा कचरा तसाच पडलेला आणि बारीक रक्तवाहिन्यांची डागडुजी थांबलेली. घर झाडणाऱ्यांनाच आम्ही घराबाहेर काढलं होतं.

त्यानंतरच्या परिषदेत बाईंनी भर सभागृहात सांगितलं, "इतकी वर्षं मी अर्धंच पाहिलं. बिथरलेल्यांना आवरा, पण सरसकट सगळ्यांना काढू नका." त्या दिवशी मला बाईंचा फार अभिमान वाटला.

पण एवढ्या शहाण्या बाई, स्वतःच्या बाबतीत काय म्हणतात? "निवृत्त माणूस घुटमळला की नव्यांची अडचण होते. मी आता प्रयोगशाळेत फिरकणार नाही." अहो, लेकीच्या बाळंतपणासाठी तुम्ही रजेवर होतात, तेव्हा काय झालं? फ्रीजमधल्या बाटल्यांत बुरशी, सूक्ष्मदर्शकावरून दोन हुशार संशोधकांत अबोला आणि मी, या विभागाचा भावी प्रमुख, एकाचे निरोप दुसऱ्याला पोचवत फिरतोय!

बाई, हा प्रयोग मला पुन्हा करायचा नाही. या, रागवा, कचरा दाखवा. आम्हाला तुमची गरज आहे, हे मी चारचौघांत सांगतो. तुम्ही येत राहण्याला अध्यक्ष महोदयांची संमती आधीच घेतली आहे.

आणि मघाशी हळूच माझ्या हातात प्रयोगशाळेची किल्ली सरकवलीत ना? ती मी तुमच्या लेकीकडे दिली. ती म्हणाली, "न्या हो आईला, घरी ती आमचे डबेसुद्धा उघडून तपासते!"

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि बाई, सोमवारी जरा लवकर या. नवे उंदीर येणार आहेत.